पडद्यातून गाळलेले पाणी

रोझविताने पावाचा आणखी एक तुकडा कुस्करून पाण्यात टाकला आणि खडकावर पालथी पडून, कपाळाशी हाताचा आडोसा धरून ती पाहत राहिली. तुकडा क्षणभर तरंगला. मग हिरव्या गढुळातून काहीतरी काळपट वर आले, चट् असा आवाज झाला आणि तुकडा दिसेनासा झाला.

इबिया असा खात नाही. इबिया चंदेरी, लाजाळू मासा. घोळक्याने फिरतो, तळाचे शेवाळ खातो आणि कुणाला चाहूल लागू देत नाही. तिने आणखी एक तुकडा टाकला. चट्. या खेपेला पाठीवरचा काटेरी पर स्पष्ट दिसला.

टिलापिया. आणि तोही एकटा नव्हे. तिने तीन मोजले, चौथा मोजला, मग मोजणे सोडून ती उठून बसली. बसवेना म्हणून उभी राहिली. उभे राहून करायचे काय, ते कळेना, म्हणून सकाळीच पाणी घातलेल्या भोपळ्यांना तिने पुन्हा तांब्याभर पाणी घातले.

आज सोमवार होता. गुरुवारच्या विमानाने तिची मुलगी जोलिन ब्रिस्बेनहून बाळाला घेऊन येणार होती आणि शनिवारी बाळाचा पहिला वाढदिवस होता. नाउरू बेटावर पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाच्या वरताण. अर्धे बुआडा गाव जेवायला येणार. शिवाय इथे घराणे चालते ते मुलींच्या नावाने, आणि रोझविताच्या घराण्यात मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला घरच्या पाण्यात वाढलेला इबिया तिच्या ओठांना लावायची रीत होती. म्हणजे, एके काळी होती. मग बुआडाच्या मोठ्या तळ्यात टिलापिया आला, शेवाळ फस्त केले, बघता बघता तळे भरून टाकले, आणि तळ्यातले घराघरांचे इबिया वाढवायचे वाटे ओस पडले. रोझविताच्या पहिल्या वाढदिवसाला तिच्या ओठांना डब्यातले गोमांस लावले होते. जोलिनच्याही. ही गोष्ट ती हसत हसत सांगे, पण दर वेळी सांगे.

म्हणून तर हे घरामागचे तळे. बारा पावलांवर खडकांचे सुळके सुरू होत. फॉस्फेटच्या खाणवाल्यांनी मधली माती खरवडून नेली होती आणि सुळके तेवढे ठेवून दिले होते. भोपळे जुन्या टायरांत लावायचे, कोबी बिघडलेल्या फ्रीजच्या पेटाऱ्यात, आणि ओंजळभर माती मिळाली तरी फडक्यात बांधून आणायची, असा इथला संसार. त्या जागी दोन सुळक्यांच्या मधोमध रोझविताने पहारीने घाव घालघालून कमरेइतका खड्डा केला होता. आठ महिने लागले. खडक पाणी धरत नाही म्हणून खाली नारळाच्या सोडणांचा थर आणि वर काळी ताडपत्री. लोक येऊन बघत आणि विचारत, "रोझी, कबर कुणाची गं?"

इबियाची पिल्ले तिने स्वतः अमावास्येच्या ओहोटीला समुद्राच्या खडकांवरून धरून आणली होती. पुढचे काम लुडविगमामांचे. मामा तिच्या आईचे धाकटे भाऊ, ऐंशी ओलांडलेले. खाऱ्या पाण्यातले पिल्लू गोड्या पाण्यात एकदम टाकले तर मरते. त्याला सवय लावावी लागते. मामांनी पिल्ले करवंट्यांत ठेवली आणि रोज चमचा चमचा गोडे पाणी घालत दहा दिवस त्यांच्या उशाशी बसून राहिले. चाळीसांतली चौदा जगली. त्याच आठवड्यात जोलिनला मुलगी झाल्याचा फोन आला. मामा तेव्हा रडले होते आणि मग, डोळ्यांत चुन्याचा कण गेला, असे सांगत फिरले होते.

मामांनी एकच अट घातली होती. "मोठ्या तळ्याचं पाणी इथे आणायचं नाही. थेंबसुद्धा नाही."

आणि रोझविताने सात बादल्या आणल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी, पहाटेच्या अंधारात, स्कूटरच्या पायाशी दोन दोन बादल्या ठेवून. करणार काय? पावसाचे पाणी काचेसारखे नितळ, त्यात शेवाळ धरेना, मासे बोटाएवढेच राहिलेले. हिरवे पाणी फक्त मोठ्या तळ्यात. तिने ते बैठकीतल्या जुन्या पडद्यातून गाळून घेतले होते. पंधरा दिवसांत पाणी हिरवे झाले, मासे अंगाने भरू लागले, आणि मामा म्हणाले होते, "बघ, धीर धरला की सगळं होतं." ती मान डोलावून आत गेली होती.

चार वाजता मामा काठी टेकत आले आणि आपल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. त्यांना आता माणसाचा नुसता आकार दिसे, तोंडे दिसत नसत. कान मात्र तिखट होते.

"पाणी खाली गेलंय, रोझी. वास बदललाय."

"पाऊस कुठे आहे, मामा? पाण्याचा ट्रकवाला म्हणतो, दहा दिवस नंबर नाही."

पाण्यावर चट् असे वाजले.

"हे काय?"

"कुठे काय? पान पडलं असेल."

"कुठल्या झाडाचं?" मामांनी मान वळवली. "भोपळ्याचं पान पडतं होय गं?"

मामांनी हात पुढे केला. "पाव दे."

त्यांनी पाव कुस्करून टाकला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. चट्. चट्, चट्. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होत गेला. रोझविताला वाटले, आता काठी उचलून पाण्यावर मारतील.

"ही घाण," मामा म्हणाले. टिलापियाचे नावही ते कधी घेत नसत. "ही काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी हातात धरून आणतं आणि ओततं."

रोझविताने तोंड उघडले. शब्द जिभेवर तयार होते.

"बाउरोने टाकली," मामा म्हणाले. "त्याशिवाय कुणाची हिंमत?"

"मामा, बसा तरी," एवढेच तिच्या तोंडून बाहेर पडले.

बाउरो शेजारी राहायचा. किरिबाती बेटांवरचा माणूस, बंदरावर कामाला, तोंडाने वाचाळ. मागे एकदा कुंपणावरून तो ओरडला होता, "रोझीताई, इबिया नाही वाढले तर टिलापिया घाला की! वाटीभर पाण्यातही वाढतो, आणि तळल्यावर कोण ओळखतंय?" त्यावर मामा आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

मामा कुंपणापाशी पोहोचले तेव्हा बाउरो अंगणात खवणीवर बसून नारळ खवत होता.

"बाउरो! मस्करीला काही हद्द असते."

"कसली मस्करी, मामा?"

"पाण्यात घाण सोडलीस ती."

बाउरो आधी हसला. "मी? मला एवढी फुरसत असती तर छप्पर नसतं का दुरुस्त केलं?" कुणीच हसले नाही, तेव्हा त्याने करवंटी खाली ठेवली आणि रोझविताकडे पाहिले. "ताई, तुम्हालाही तसंच वाटतं?"

रोझविताने वाकून भोपळ्याचे एक पान उलटे केले आणि त्यावर कीड आहे का ते पाहू लागली. कीड नव्हती. तिने दुसरे पान उलटे केले.

"पहार माझी होती, मामा," बाउरो सावकाश म्हणाला. "त्या मधल्या धोंड्याला तीन रविवार मी घाव घातलेत. नंतर घाण टाकायला म्हणून खड्डा खणून देतो का कुणी?" आणि अर्धा खवलेला नारळ तिथेच ठेवून तो घरात गेला. एरवी कोंबडी शिंकली तरी त्यावर दोन शब्द बोलणारा माणूस, पण त्या संध्याकाळी त्या घरातून आवाज आला नाही.

परत येऊन मामांनी निकाल दिला. तळे पूर्ण उपसायचे. ताडपत्री उन्हात कडक वाळवायची, म्हणजे अंडेही उरणार नाही. इबिया वेगळे काढून पिंपांत ठेवायचे. "या पाण्यातून सरळ उचललेला मासा मी पोरीच्या तोंडाला लावू देणार नाही. पिंपात जगले तर जगले. नाहीतर आहेच तुझं डब्यातलं गोमांस."

मंगळवारी सकाळी रोझविता मागे आली तर कुंपणाला टेकवून पंप ठेवलेला. पाणी उपसायचा पंप सगळ्या आळीत एकट्या बाउरोकडे होता. पेट्रोल भरलेले, नळी नीट गुंडाळून बांधलेली. बाउरो स्वतः कामाला निघून गेला होता.

तिने दोरी ओढली. पंप खोकला आणि गप्प झाला. तिने पुन्हा ओढली. वीस वेळा ओढली, तळहात सोलवटले, मग उठून कोबीवरच्या अळ्या वेचल्या, न वाळलेले कपडे दोरीवरून काढले आणि परत वाळत घातले. तेवढ्यात जोलिनचा फोन आला.

"आई, ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय मी. आमच्या घरचं स्वतःचं तळं आहे म्हणून. फोटो पाठव ना एक."

"आल्यावर बघ की."

"काय झालं? आवाज असा का येतोय?"

"पंपाने हात सोलला. ठेव आता, गॅसवर भात आहे." गॅसवर काहीही नव्हते.

मामा आले, खुर्चीत बसले आणि काठीने पंप चाचपून पाहिला. "पेट्रोलसकट? बघ. मनाला टोचणी असल्याशिवाय माणूस असा न सांगता पंप आणून ठेवतो? गुन्हा कबूल केलाय त्याने."

त्या क्षणी रोझविताला सहन होईना. रात्रभर तिने स्वतःला समजावले होते की शनिवार उरकू दे, मग सांगू. आता शनिवारपर्यंत थांबणे तर सोडाच, दोरी हातातून खाली ठेवण्याइतकाही धीर तिला राहिला नाही.

"मामा, बाउरोने काही केलेलं नाही. मी आणलं पाणी. मोठ्या तळ्यातून. सात बादल्या."

मामांनी काठी पंपावरून मागे घेतली.

"पडद्यातून गाळलं होतं," ती म्हणाली, आणि ते ऐकायला किती वेडगळ वाटते ते तिला तेव्हाच कळले.

"कुठला पडदा?"

"बैठकीतला. फुलाफुलांचा."

"तो विरलेला होता ना गं?"

"हो."

ती ओरड्याची वाट पाहत राहिली. लहानपणी एकदा मामांची होडी तिने सोडून दिली होती तेव्हा त्यांचा आवाज पार चर्चपर्यंत गेला होता. आज मामा फक्त काठीच्या टोकाने चुनखडीत रेघ ओढत होते.

"का आणलंस?"

"मासे वाढत नव्हते. दिवस जवळ येत होते. मला वाटलं, चांगलंच होईल."

"चांगल्यासाठी," मामा म्हणाले. ओढलेली रेघ त्यांनी पायाने पुसली. शेवटी उठले आणि तिच्या हाताला धरून म्हणाले, "चल. तो घरी येईपर्यंत त्याच्या दारात बसू."

दारात ते दोघे दोन तास बसले. बाउरोच्या बायकोने चहा दिला; साखर विचारली नाही. बाउरो आला तसा मामांनी उठायचा प्रयत्न केला आणि उठता उठताच बोलून टाकले, "काल मी चुकीच्या दारात ओरडलो."

"आणि मी बरोबर माणूस ठाऊक असून पानं उलटत बसले," रोझविता म्हणाली. "पाणी मी आणलं होतं, बाउरो."

"मला माहीत होतं, ताई."

"कसं?"

"पहाटे पाचला स्कूटरवर बादल्या घेऊन कुणी प्रार्थनेला जातं का? मी पहिल्या पाळीला निघालो होतो. तुम्ही मला बघून मान फिरवलीत, तेव्हाच म्हटलं, काहीतरी आहे."

"मग काल का नाही बोललास?"

बाउरोने डोक्यावरचे हेल्मेट काढून पायरीवर ठेवले. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

रोझविताला रडू आले आणि तिने ते लपवले नाही. बाउरोच्या बायकोने न सांगता तिच्या चहात दोन चमचे साखर घातली.

बुधवारी बाउरोने सुट्टी काढली. दोरी ओढायच्या आधी पेट्रोलची तोटी उघडायची असते, एवढेच त्या पंपाचे गुपित होते. हिरवे पाणी भोपळ्यांच्या टायरांत, कोबीच्या फ्रीजमध्ये, उरलेले सुळक्यांच्या भेगांत जाऊ लागले. पाणी गुडघ्याशी आले तसे बाउरो आणि रोझविता ओली चादर ताणून आत उतरले. इबियाला हात लावायचा नाही, खवले निघतात. चादरीत घ्यायचे आणि तसेच पिंपात सोडायचे. मामा काठावरून ओरडत होते.

"हळू! झोपलेलं पोर उचलतो तसं!"

"मामा, तुम्ही खुर्चीत बसा, नाहीतर तुम्हालाच चादरीत घ्यावं लागेल," बाउरो म्हणाला, आणि ते ऐकून रोझविताचा श्वास दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला.

नऊ इबिया निघाले. हातभर लांब, चकचकीत. दोन पिंपांत अर्धे जुने पाणी, अर्धे पावसाचे. त्यात ते गोल फिरू लागले तेव्हा मामांनी पिंपाला कान लावून ते ऐकले. आता शनिवारपर्यंत वाटी वाटी पाणी बदलायचे काम त्यांचे.

मग उरलेल्या चिखलात टिलापिया सापडू लागले. मूठभर, ओंजळभर, बादलीभर. बाउरोने एक मोठी मादी उचलून मामांच्या हातात ठेवली.

"बघा, मामा, किती माजलीय ती."

मादीने मामांच्या तळहातावर तोंड वासले. आत तिने पिल्ले धरून ठेवली होती. ती एकेक करून बाहेर सांडली, तांदळाच्या कण्यांएवढी, बोटांच्या फटींतून खाली खडकावर. मामांना ती दिसली नसतील, पण जाणवली. हात तसाच पुढे धरून ते थांबले.

"पाच होते," मामा म्हणाले.

"काय पाच?" रोझविताने विचारले.

"रॉकेलच्या डब्यात. साहेब म्हणाला, डासांची अंडी खातात, आजार कमी होईल. तुमचं तळं, तुमच्यातल्याच कुणीतरी सोडावेत. मी सतरा वर्षांचा होतो. मला इंग्रजी येत होतं, म्हणून मी पुढे झालो. मोठ्या तळ्यात मोजून पाच ओतले. साहेबाने सिगारेट दिली."

पंप कोरडा ओढू लागला होता. बाउरोने जाऊन तो बंद केला आणि तिथेच उभा राहिला.

"तुम्ही तर म्हणायचात, सरकारी माणसाने टाकले," रोझविता म्हणाली.

"आई विचारायची, मी तेच सांगायचो. तिचा वाटा ओस पडला ना, तेव्हापासून रोज संध्याकाळी तळ्याकाठी बसून शिव्या द्यायची. ज्याने ओतले त्याचे हात झडोत, म्हणायची. मी शेजारी बसून 'हो आई' म्हणायचो." मामांनी तळहात उलटा केला आणि सदऱ्यावर पुसला. "ती गेली तेव्हाही मी बोललो नाही. ओतल्याला साठ वर्षं झाली. तू दोन दिवसांत बोललीस."

रोझविता चिखलातून वर आली आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. तिने त्यांचा हात धरला. तो मासळीच्या वासाचा, खरखरीत, थंडगार हात होता.

बाउरो खाकरला. "बादलीतल्यांचं काय करायचं? पुरू का भोपळ्याखाली? खत चांगलं होईल."

"तळ," मामा म्हणाले.

"काय?"

"तळ म्हटलं. येतो ना तुला? वर्षभर बढाया मारतोयस."

बाउरोच्या अंगणात चूल पेटली. त्याच्या बायकोने मासे साफ करून, मीठ आणि लिंबू लावून नारळाच्या तेलात कडक तळले. रोझविताने ताट वाढून मामांच्या मांडीवर ठेवले. बुआडातला एकही म्हातारा हा मासा तोंडात घालत नाही, आणि मामा तर त्याचे नावही घेत नसत. त्यांनी बोटांनी चाचपून काटा वेगळा केला, घास घेतला, चावत राहिले. मग दुसरा. डोके, शेपूट, गालाचे मांस, काही म्हणता काही सोडले नाही. सगळे आपले खाणे विसरून त्यांच्याकडे पाहत होते.

"कसा आहे?" शेवटी बाउरोला राहवले नाही.

"चांगला आहे," मामा रागाने म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी त्यांनी चुन्याचे नाव घेतले नाही. ताट त्यांनी रोझविताच्या दिशेने पुढे केले. "शनिवारी इबिया पोरीला. माझ्या पानात हेच वाढ, सगळ्यांसमोर. कुणी विचारलं तर का ते मी सांगेन."

रोझविताने परातीतला आणखी एक मासा उचलून त्यांच्या ताटात ठेवला.